बुडालेल्या शाळेचा हिशेब

हवामान खात्याने लाल इशारा दिला की रात्री उशिरा जिल्हाधिकारी कार्यालयातून आदेश निघतो आणि झोपण्याआधी तो जिल्ह्यातल्या प्रत्येक शिक्षकाच्या मोबाइलवर पोचलेला असतो: उद्या शाळा बंद. या आदेशामागे कायदा आहे, आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५. अधिकार कोणाचा हे ठरलेले आहे. त्यामागचा विचारही योग्य आहे. ओढ्याला पूर आलेला असताना सहा वर्षांच्या पोराने पलीकडच्या वाडीतून शाळेत यावे असे कोणीच म्हणणार नाही. प्रश्न सुरू होतो तो शाळा पुन्हा उघडते त्या दिवशी. बुडालेल्या दिवसांचे काय करायचे, ते कोणी ठरवायचे, कधी आणि कोणासाठी भरून काढायचे, याला तितका स्पष्ट नियम नाही आणि त्यावर तितका विचारही झालेला नाही. रविवारी वर्ग घ्या, शनिवार पूर्ण करा, एप्रिलअखेरपर्यंत शाळा चालू ठेवा, असे काहीतरी सांगितले जाते. कागदावर दिवसांची बेरीज जुळली की विषय मिटतो. माझ्या मते ही बेरीजच चुकीच्या गोष्टीची आहे. शाळा अचानक बंद पडते तेव्हा दिवस जातात त्याहून जास्त सलगता जाते. म्हणून भरपाई घटनेनंतरच्या काही आठवड्यांतच, त्या त्या शाळेच्या पातळीवर, आधीपासून राखून ठेवलेल्या तासांतून व्हायला हवी. वर्षाच्या शेपटाला जोडलेले दिवस, ज्या मुलांचे सर्वांत जास्त बुडाले त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत.

एकेकाळी अशा सुट्ट्या अपवाद म्हणून सोडून देता येत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस मुंबईकर आजही अपवाद म्हणूनच सांगतात. पुढच्या वर्षांकडे पाहिले तर हा शब्द टिकत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुरात कोल्हापूर-सांगलीतल्या कितीतरी शाळा नुसत्या बंद नव्हत्या, पूरग्रस्तांचा निवारा झाल्या होत्या. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले. एप्रिल २०२३ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे राज्य मंडळाच्या शाळांना २१ तारखेपासूनच उन्हाळी सुट्टी द्यावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईच्या शाळा अतिवृष्टीने बंद राहिल्या आणि सप्टेंबरात मराठवाड्यात नद्या गावांत शिरल्या. मधल्या कोरोनाच्या काळाचे तर वेगळे सांगायला नको. पहिली ते चौथीची मुले बहुतेक ठिकाणी दीड वर्षाहून अधिक काळ वर्गाबाहेर होती. ही गोष्ट महाराष्ट्रापुरतीही नाही. युनिसेफच्या मोजणीनुसार २०२४ या एका वर्षात ८५ देशांतल्या किमान २४ कोटी २० लाख विद्यार्थ्यांच्या शिक्षणात हवामानाच्या आपत्तींनी खंड पाडला. जे दरवर्षी कुठे ना कुठे घडणारच आहे, त्यासाठी वेळापत्रकात जागा न ठेवणे हा नियोजनाचाच दोष म्हटला पाहिजे.

वेळापत्रकात मुळात किती जागा आहे? शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास अध्यापन ठरवून दिले आहे. माध्यमिक शाळा संहितेला किमान २३० दिवस कामकाज हवे असते, आणि वर्षभराच्या सगळ्या सुट्ट्या मिळून ७६ च्या वर जाऊ नयेत असा दंडक आहे. आता साधा हिशेब करू. ३६५ मधून ५२ रविवार गेले, ३१३ उरले. ७६ सुट्ट्या गेल्या, २३७ उरले. म्हणजे माध्यमिक शाळेच्या हाती उरतात फक्त सात दिवस. एका जोराच्या पावसाळ्यात ते संपतात. सहावी ते आठवीला सतरा, तर पहिली ते पाचवीला सदतीस दिवसांची मोकळीक कागदावर दिसते, पण परीक्षा, प्रशिक्षणे, स्नेहसंमेलन, निवडणुकीचे काम आणि मतदान केंद्र म्हणून जाणारे वर्ग यांत ती झिजते. कायद्याने दिवसांबरोबर तासही मोजले आहेत, हे आपण विसरतो. २०० दिवसांना ८०० तास म्हणजे दिवसाला चार तास. शाळेचा दिवस याहून मोठा असतो. भरपाईची खरी जागा दिवसांत नाही, तासांत आहे.

आधी सर्वांत मजबूत आक्षेप घेऊ. चार-दोन दिवस शाळा बुडाल्याने खरेच काही बिघडते का? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात हिमवर्षावामुळे बंद पडणाऱ्या शाळांचा अभ्यास जोशुआ गुडमन यांनी केला. शाळाच बंद राहिली तर मुलांच्या गुणांवर जवळपास परिणाम होत नाही, पण शाळा चालू असताना मूल गैरहजर राहिले तर तो स्पष्ट दिसतो, असे त्यांना आढळले. सगळ्यांचाच दिवस बुडाला तर शिक्षक दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन तिथूनच पुढे जातो. वेगवेगळी मुले वेगवेगळ्या दिवशी नसली की कोणासाठी मागे जायचे हेच कळत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. मेरीलँड राज्यातल्या अभ्यासात मात्र बंद दिवसांनीही उत्तीर्णांचे प्रमाण घटल्याचे दिसले. तरी गुडमन यांचा निष्कर्ष मी पूर्ण मान्य करून पुढे जातो, कारण आपल्याकडे तोच अधिक चिंतेचा आहे. बर्फ वितळला की बॉस्टनची मुले दुसऱ्या दिवशी सगळी वर्गात असतात. पूर ओसरल्यावर शिरोळ किंवा पलूस तालुक्यात तसे होत नाही. काही मुले मामाच्या गावी असतात, काही निवारा केंद्रात, काहींची पुस्तके भिजलेली, काहींच्या घरातला गाळ काढायचा असतो, काही आजारी. आदेशाने शाळा उघडते आणि तिथून पुढे बंद शाळेचे रूपांतर विखुरलेल्या गैरहजेरीत होते. जिथे नुकसान होते असे गुडमन दाखवतात, नेमकी तीच ही परिस्थिती.

हे नुकसान किती खोल जाऊ शकते, ते पाकिस्तानातल्या एका अभ्यासाने दाखवले. ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपानंतर तिथल्या शाळा सरासरी चौदा आठवडे बंद होत्या. ताहिर अंद्राबी, बेंजामिन डॅनियल्स आणि जिष्णू दास यांनी चार वर्षांनी मुलांची चाचणी घेतली. भूकंपाच्या भ्रंशरेषेजवळच्या भागातली मुले दूरच्या मुलांपेक्षा सुमारे दीड वर्षाच्या शिक्षणाने मागे होती. बंदी सव्वातीन महिन्यांची आणि तूट दीड वर्षाची, हे गणित दिवस मोजून सुटत नाही. शाळा उघडल्यावर वर्ग आपल्या ठरलेल्या इयत्तेच्या वेगाने पुढे निघून गेला आणि मागे पडलेली मुले दरवर्षी आणखी मागे पडत गेली, असा अभ्यासकांचा तर्क आहे. दुसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी शिकवायच्या आठवड्यात शाळा बंद झाली, उघडल्यावर पाठ्यपुस्तक गुणाकारावर गेले, की त्या मुलांना पुढची दोन वर्षे गणित म्हणजे न कळणाऱ्या खुणा वाटतात. त्याच अभ्यासातली दुसरी नोंद मला याहून महत्त्वाची वाटते: ज्या मुलांच्या आईने प्राथमिक शिक्षण पूर्ण केले होते, त्यांच्यात ही तूट दिसली नाही. म्हणजे घरात कोणी शिकवणारे असेल तर खंड भरून निघतो. बंदीचा भुर्दंड नेहमी त्याच घरांना बसतो, जिथे शाळेखेरीज दुसरा शिक्षक नाही.

दुसरी बाजूही तितकीच ठोस आहे, आणि ती आशेची आहे. तमिळनाडूत कोरोनाने शाळा दीड वर्ष बंद होत्या. अभिजीत सिंह, मॉरिसिओ रोमेरो आणि कार्तिक मुरलीधरन यांनी तिथल्या मुलांची शाळा उघडल्यावर आणि पुन्हा काही महिन्यांनी चाचणी घेतली. सहा महिन्यांत सुमारे दोन तृतीयांश तूट भरून आली होती, आणि त्यातला साधारण चौथा हिस्सा ‘इल्लम तेडी कल्वी’ या सरकारी उपक्रमाचा होता. गावातल्याच स्वयंसेवकांनी शाळा सुटल्यावर मुलांना त्यांच्या पातळीपासून शिकवायचे, इतका साधा तो उपक्रम. देशभराच्या ‘असर’ या शिक्षण सर्वेक्षणाचे आकडे हाच माग दाखवतात. ग्रामीण भागात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत होता त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये सुमारे २७ टक्के होते, २०२२ मध्ये २०.५ वर घसरले आणि २०२४ मध्ये पुन्हा सुमारे २७ वर आले. २७ हा आकडा मुळात अभिमानाचा नाही, तो भाग वेगळा. पण शाळा उघडल्यावर पहिल्या काही महिन्यांत मुलाच्या पातळीवर उतरून काम केले तर घसरण सावरते, एवढे तमिळनाडूच्या अनुभवावरून निश्चित म्हणता येते. या सगळ्यात निर्णायक गोष्ट आहे ती उघडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांचा वापर.

इथे महाराष्ट्रातल्या मुलांच्या एका मोठ्या गटाकडे पाहावेच लागेल, कारण वेळापत्रक आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तो क्वचितच असतो. बीड, धाराशिव, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि गाळप हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. पालघर-नंदुरबारकडची अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. हंगामी वसतिगृहे झाली, साखरशाळांचे प्रयोग झाले, त्यांनी काही मुले गावात राहिली. तरी आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलांसाठी गावातली शाळा म्हणजे जून ते ऑक्टोबर, बस. वर्षभरातली त्यांची सगळी सलग शाळा पावसाळ्यात असते. आणि अतिवृष्टीने शाळा बंद पडतात त्याही नेमक्या याच महिन्यांत. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जे दिवस बुडाले, ते शहरातल्या मुलासाठी वर्षातले काही दिवस होते. तोडणीला जाणाऱ्या मजुराच्या मुलीसाठी मात्र हाती असलेल्या चार महिन्यांतले शेवटचे आठवडे होते. तिची भरपाई फेब्रुवारीच्या रविवारी किंवा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ठेवणे म्हणजे ती देणारच नाही असे ठरवणे. कागदावर शाळेचे २२० दिवस भरतात, हजेरीपटावर तिचे नावही असते, आणि ती त्या वेळी कुठल्यातरी कारखान्याच्या फडावर धाकट्या भावाला सांभाळत असते. भरपाई कधी हा प्रश्न भरपाई कोणाला या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही, तो इथे.

एप्रिलमध्ये भरून काढण्याची सवय आणखी एका कारणाने मोडायला हवी. एप्रिल आता आपल्या हाती राहिलेला नाही. मार्च २०२२ मध्ये कोरोनाचे नुकसान भरून काढण्यासाठी राज्याने एप्रिलअखेरपर्यंत पूर्ण वेळ वर्ग भरवायला सांगितले, तेव्हा शिक्षक संघटनांनी उन्हाचा मुद्दा काढला. पुढच्याच वर्षी उन्हानेच शाळा मुदतीआधी बंद केल्या. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या गेल्या, तेव्हा विदर्भातून पुन्हा तीच हाक आली. पत्र्याखालच्या वर्गात, दुपारच्या उन्हात, पंखा बंद असताना घेतलेला तास हा हजेरीपटावर तास असतो, मुलाच्या डोक्यात नसतो. पावसाने बुडालेले दिवस उन्हात भरून काढायचे, ही योजना दोन आपत्तींना एकमेकींच्या गळ्यात बांधते. दिल्लीने दुसरा मार्ग धरून पाहिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये धुरक्यामुळे शाळा बंद ठेवताना हिवाळी सुट्टीच पुढे ओढून ९ ते १८ नोव्हेंबरला दिली गेली. हिशेबाला ते नीट होते, पण जानेवारीत थंडी पडली आणि लहान मुलांचे वर्ग पुन्हा बंद ठेवावे लागले. सुट्टी हलवून दिवस वाचत नाहीत, नुसता धोका पुढे सरकतो.

केरळचा अनुभव आपल्याला जास्त शिकवतो. तिथे २२० दिवस भरावेत म्हणून २०२४-२५ च्या वेळापत्रकात पंचवीस शनिवार कामाचे केले गेले. शिक्षक न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. पुढच्या वर्षी सरकारने दिवसांचा हट्ट सोडून तासांचा विचार केला आणि आठवी ते दहावीचा शाळेचा दिवस अर्ध्या तासाने वाढवला. त्यालाही विरोध झाला, सकाळी मदरशात जाणाऱ्या मुलांच्या वेळेचे काय, असा रास्त प्रश्न आला. माझ्या दृष्टीने धडा असा, की दिवसांवरून तासांवर येणे योग्य होते. चूक असलीच तर सगळ्या राज्याला एकच अर्धा तास लावण्यात होती.

कारण आपत्ती जिल्ह्याच्या सीमा पाळत नाही. २०१९ मध्ये सांगलीत पलूस, वाळवा, मिरजेच्या काठची गावे बुडाली असताना त्याच जिल्ह्यातली जत-आटपाडी पावसाची वाट पाहत होती. या सगळ्या शाळांना एकच भरपाई लावली तर ती निम्म्यांना नको असलेली आणि उरलेल्यांना अपुरी ठरते. शिवाय ग्रामीण शाळेचा दिवस कधी संपतो हे घंटेपेक्षा एसटी ठरवते. मानव विकास कार्यक्रमाच्या बसने येणाऱ्या मुलींची गाडी पाचला असेल तर साडेपाचपर्यंतचा तास त्यांच्यासाठी नसतोच. तिथे सकाळी अर्धा तास आधी भरणे जमेल, दुसरीकडे शनिवार दुपार. हे मंत्रालयातून दिसत नाही, मुख्याध्यापकाला आणि पालकांना दिसते. आणि आकडे आवाक्यातले आहेत. दहा दिवस शाळा बुडाली, दिवसाला पाच तास धरले, तर पन्नास तास झाले. सहा शनिवार पूर्ण वेळ भरले तर पंधरा तास मिळतात. सहा आठवडे रोज अर्धा तास वाढवला तर आणखी पंधरा. पहिल्या सत्राची संकलित चाचणी त्या शाळेपुरती पुढे ढकलली, तर तिचे चार-पाच दिवस म्हणजे आणखी वीस तास शिकवायला मोकळे होतात. मुले जे शिकलीच नाहीत त्याची परीक्षा ठरल्या तारखेलाच घेण्यात तसाही काही अर्थ नसतो. दिवाळीची सुट्टी न तोडता पन्नास तास भरून निघतात, आणि तेही कुटुंबे गाव सोडण्याआधी.

यावर शिक्षकांचा आक्षेप येईल आणि तो ऐकलाच पाहिजे. पुरानंतर शिक्षकाचेही घर बुडालेले असते, शिवाय आपत्ती निवारणाच्या कामाला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार त्यालाच लावता येते. वर जादा तास फुकट मागणे अन्यायाचे आहे. पण तोडगा नियमांतच आहे: शिक्षक हे दीर्घ सुट्टी मिळणारे कर्मचारी, आणि सुट्टीत काम करावे लागले तर त्या प्रमाणात अर्जित रजा देण्याचे तत्त्व महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये मान्य आहे. तेच भरपाईच्या तासांना लावावे, आणि अर्ज-विनवण्या न करता ती रजा खात्यावर जमा व्हावी. स्थानिक अधिकार दिला तर काही शाळा तास फक्त कागदावर घेतील, अशीही भीती आहे. तसे होऊ शकते. पण परिपत्रकाने घेतलेले रविवारही कागदावरच घेतले जाऊ शकतात आणि ते पाहायला गावात कोणी नसते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. बुडालेले तास आणि भरलेले तास यांचा तक्ता शाळेच्या दर्शनी भिंतीवर लागला, त्यावर समितीच्या सभेत चर्चा झाली, तर याहून जवळची तपासणी दुसरी नाही. परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने हव्यात, हा आग्रह दहावी-बारावीसाठी समजतो. चौथीच्या मुलासाठी तो कोणत्या कामाचा आहे, हे मला समजलेले नाही. आणि ऑनलाइन वर्गांबद्दल इतकेच, की पुरात पहिली वीज जाते आणि मागोमाग नेटवर्क.

एक गोष्ट मात्र वेळापत्रकाच्या चर्चेत हमखास सुटते. भरपाईचा तास हा पूर्ण अर्थाने शाळेचा तास असला पाहिजे, म्हणजे त्या दिवशी भात शिजला पाहिजे. शालेय पोषण आहार शाळेच्या दिवसांशी बांधलेला आहे. ‘ऐच्छिक’ रविवारच्या वर्गाला तो मिळतोच असे नाही, आणि ज्यांच्यासाठी वर्ग आहे ती मुले उपाशी बसतात किंवा येत नाहीत. याची वाटही आधी घालून दिलेली आहे: २०१६ च्या दुष्काळात सर्वोच्च न्यायालयाने स्वराज अभियानच्या याचिकेवर दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुट्टीतही माध्यान्ह भोजन चालू ठेवायला सांगितले होते. आपत्तीत आहाराचे दिवस वाढवता येतात, हे त्या वेळी मान्य झाले.

राखीव तासांची तरतूद करायला नवा कायदा लागणार नाही. सुट्ट्यांच्या परिपत्रकांत वर्षानुवर्षे एक सोय दिलेली असते: उन्हाळ्याची किंवा दिवाळीची दीर्घ सुट्टी कमी करून गणेशोत्सव वा नाताळाला ती समायोजनाने घ्यावी, शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने. कोकणातल्या शाळांना ही सोय फार मोलाची आहे आणि ती राहावी. म्हणजे सगळ्या राज्याचे वेळापत्रक एकच असले पाहिजे असे सरकारचेही म्हणणे नाही. स्थानिक गरज पाहून ते हलवता येते, हे सणापुरते मान्य आहे. त्याच वाक्याखाली आणखी एक वाक्य घालावे. पहिल्या सत्राच्या नियोजनात प्रत्येक शाळेने चाळीस-पन्नास तास कोणताही घटक न नेमता राखून ठेवावेत. आपत्तीने शाळा बंद राहिल्यास ते सहा आठवड्यांच्या आत, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने, आहारासह आणि मुलाच्या पातळीपासून वापरावेत. न लागल्यास दिवाळीआधी वाचनात मागे राहिलेल्या मुलांसाठी द्यावेत. परवानगी मागायची नाही, केंद्रप्रमुखाला कळवायचे. पाऊस चांगला आणि वेळेवर झाला, एकही दिवस बुडाला नाही, तरी ते तास वाया जाणार नाहीत. जोडाक्षरापाशी अडलेली दोन-चार मुले प्रत्येक वर्गात असतात.